‘शॉर्टसर्किट’ म्हणून मोकळं होऊ नका

गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मापुरीत एका घराची मागची पत्र्याची खोली जळाली. माणसं वाचली. सोयाबीनची पोती, अंथरुणं आणि पोरांची दप्तरं गेली. सकाळी पंचनामा झाला, कारणाच्या जागी ‘शॉर्टसर्किट’ लिहिलं गेलं, सह्या झाल्या आणि जळका बोर्ड राखेबरोबर उकिरड्यावर पडला. मी तो उचलून आणला, कारण त्या शब्दावर माझा विश्वास बसला नव्हता. आजही बसलेला नाही.

ज्या सॉकेटला पाणी तापवायचा रॉड लावत, ते एका बाजूने कोळसा झालं होतं आणि दुसऱ्या बाजूला त्याचा पांढरा रंग अजून ओळखू येत होता. फेजच्या छिद्रामागचा पितळी चिमटा निळा-काळा पडून फाकलेला. त्याच्यात वायर आवळणारा स्क्रू मी नुसत्या बोटांनी फिरवला, तर फिरला. न्यूट्रलचा स्क्रू पेचकसालाही दाद देईना. दोन्ही स्क्रूंमधून बरोबर तेवढाच करंट गेलेला असतो, कारण एकातून आत जातो तोच दुसऱ्यातून परत येतो. तरी एक जळाला आणि एक टिकला. फरक होता तो आवळण्याचा.

“ही आग शॉर्टसर्किटची नाही, लूज कनेक्शनची आहे,” असं मी पारावर बोललो, आणि तिथेच वाद पेटला. मी मोटारी भरणारा माणूस. माझं म्हणणं खोडून काढलं ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्याच गल्लीतल्या पोराने. “काका, तुमचं गणितच चुकतंय,” तो म्हणाला. “जोड सैल झाला म्हणजे रोध वाढला. रोध वाढला की करंट कमी. उष्णता म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. रोध मोठा, तर उष्णता लहान. सैल जोड उलट गार राहायला पाहिजे. आणि त्या घरात एमसीबी होता ना? तो पडलेला सापडला ना? मग शॉर्टसर्किट सोडून दुसरं काय?”

पोरगं हुशार आहे आणि त्याने मुद्दा नीट मांडला. पारावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. असाच मुद्दा मी शिकलेल्या माणसांकडून याआधीही ऐकला आहे, आणि त्याच्या आडोशाला घरं जळत राहतात. म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं.

पहिलं गणिताचं. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध हे सूत्र खरंच आहे. पण ते वापरायचं तर त्या रोधाच्या दोन टोकांना जेवढं व्होल्टेज मिळतं, तेवढंच घ्यावं लागतं. जोड काही फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एकटा उभा नसतो. तो रॉडच्या मागे रांगेत उभा असतो. दोनशे तीस व्होल्टचा जवळजवळ सगळा वाटा रॉड घेतो, जोडाच्या वाट्याला उरलेले एक-दोन-चार व्होल्ट येतात. करंट किती जायचा हे ठरवतो रॉड. जोड सैल झाल्याने त्यात उगीच थोडा फरक पडतो. म्हणून जोडापुरतं सूत्र धरायचं ते करंटचा वर्ग गुणिले रोध. करंट जवळपास तोच आणि रोध शंभरपट, तर उष्णता जवळपास शंभरपट.

तोंडी सांगून त्याला पटेना. मग दुकानात मांडूनच दाखवलं. रॉड १५०० वॅटचा, म्हणजे साधारण ३५ ओहमचा. बादलीत पाणी, वायरवर क्लॅम्प मीटर. त्या दिवशी व्होल्टेज होतं २१५. स्क्रू घट्ट असताना करंट ६.१ अँपिअर. मग स्क्रू सैल केला, तार थोडी हलवली आणि परत बघितलं: ६.०. रॉड तसाच तापतोय, बादलीतलं पाणी तसंच कुजबुजतंय. घरातल्या बाईला काही बिघडलंय हे कळायचं काही कारणच नाही. आता दुसऱ्या मीटरच्या दोन सुया मी जोडाच्या दोन बाजूंना टेकवल्या. स्क्रू घट्ट होता तेव्हा तिथे काही दिसत नव्हतं, आता ३.४ व्होल्ट दिसले. ३.४ गुणिले ६, म्हणजे वीस वॅट. “वीसच?” तो म्हणाला. मी त्याच्या हातात माझी सोल्डरिंगची इस्त्री दिली. ती पंचवीस वॅटची आहे. तिचं टोक १८३ अंशांना वितळू लागणारं कथील पाण्यासारखं करतं. जवळपास तेवढीच उष्णता मी तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या बंद पेटीत कोंडली होती. रॉडमध्ये तिच्या साठपटीहून जास्त उष्णता होती, पण ती बादलीभर पाण्याने पिऊन टाकली होती. काही मिनिटांत सॉकेटमधून उग्र वास यायला लागला. मी बटन बंद केलं. हा प्रयोग घरी कोणी करू नये. मी चाळीस वेळा विचार करून आणि हाताशी मेन स्विच ठेवून केला.

त्या पोराचं म्हणणं खरं ठरतं अशी एक जागा मात्र आहे, आणि ती मी त्याला स्वतःहून दाखवली. जोडाचा रोध वाढत वाढत रॉडएवढाच, म्हणजे ३५ ओहम झाला, की जोडातली उष्णता सगळ्यात जास्त होते. त्याच्यापुढे रोध वाढला तर ती खरोखर कमी होत जाते. पण त्या टोकाला जोडात तीनशे वॅटहून जास्त उष्णता निघत असते आणि रॉड चौथाई ताकदीवर आलेला असतो. तिथवर पोचायला कोणतंही सॉकेट शिल्लक राहत नाही.

आता, सैल जोडाचा रोध वाढतो तरी का? तार स्क्रूखालीच तर आहे, धातूला धातू लागलेला आहे. ज्यांना हे कोडं वाटतं त्यांनी आमच्या केदारेश्वराच्या देवळाची भिंत जवळून बघावी. चालुक्यांच्या काळातलं काम, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेला. लांबून सांधा दिसत नाही. पण कोणतेही दोन दगड, कितीही घासले तरी, पूर्ण पृष्ठभागाने एकमेकांना टेकत नाहीत. उंचवट्यांवर टेकतात, आणि वरचं सगळं वजन त्या थोड्या उंचवट्यांतून खाली उतरतं. तांब्याची तार आणि पितळेचा स्क्रू यांचंही तसंच. दिसायला गुंजभर जागा लागलेली असते, खरा स्पर्श असतो सूक्ष्म ठिपक्यांपुरता. सगळा करंट त्या ठिपक्यांतून आकसून जातो. स्क्रू आवळला की उंचवटे चेपतात, ठिपके वाढतात, मोठे होतात. सैल सोडला की मोजकेच उरतात. राग्नार होल्म या शास्त्रज्ञाने विजेच्या स्पर्शजोडांवर आयुष्यभर काम केलं आणि त्यातून एक हिशेब हाती आला: तांब्याच्या जोडात नुसते ०.४३ व्होल्ट खाल्ले गेले तर त्या ठिपक्यांचं तापमान तांबं वितळण्याइतकं होतं. माझ्या मीटरवर ३.४ होते.

म्हणजे ते ठिपके नुसते तापत नव्हते, जळत होते. तांबं तापलं की त्याच्यावर काळा-लाल ऑक्साइड चढतो. तो धातूसारखा वाहक नाही. रोध आणखी वाढतो, आणखी तापतो. चिमट्याच्या पितळेतली स्प्रिंग तापून मरते, पकड ढिली होते. जोड दिवसभर तापतो तेव्हा फुगतो, रात्री गार पडतो तेव्हा आकसतो आणि दर खेपेला स्क्रू केसभर मागे सरकतो. सैल जोड स्वतःला घट्ट करून घेत नाही. तो एकाच दिशेने जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९७७ साली नेमका हाच अभ्यास प्रसिद्ध केला. घरगुती वायरिंगचे सैल जोड मुद्दाम तयार करून १५ अँपिअरवर चालवले. जोड निखाऱ्यासारखे लाल झाले, ३५ वॅटपर्यंत उष्णता निघाली. आणि त्या सगळ्या वेळात घरातली उपकरणं नेहमीसारखी चालत राहिली, फ्यूज उडाला नाही, ब्रेकर पडला नाही.

इथे एमसीबीचा मुद्दा येतो, आणि मला सगळ्यात जास्त राग याच मुद्द्याचा येतो. घरात एमसीबी बसवला की लोक देवाला नारळ फोडून आल्यासारखे निश्चिंत होतात. एमसीबी करंट मोजतो. तो १६ अँपिअरचा असेल तर १६च्या पुढे बघतो. सैल जोडाने करंट ६.१ वरून ६.० वर आणला. एमसीबीच्या नजरेत काम सुधारलं! जमिनीत गळणारा करंट पकडणारं ते दुसरं बटन असतं, त्यालाही हे दिसत नाही, कारण इथे काही गळत नाही. सैल जोडाची ठिणगी ओळखणारी वेगळी उपकरणं आहेत. अमेरिकेत ती झोपायच्या खोल्यांसाठी २००२पासून वायरिंगच्या नियमांत आली. आपल्या गावात मी ती कोणाकडे पाहिलेली नाही.

मग त्या घरातला एमसीबी पडला कसा? तो पडला, पण सगळ्यात शेवटी. जोड तापला, प्लॅस्टिक पेटलं, वायरांचं आवरण वितळलं आणि उघड्या तारा एकमेकींना भिडल्या. त्या क्षणी खरोखर शॉर्टसर्किट झालं, शेकडो अँपिअर वाहिले आणि एमसीबीने त्याचं काम केलं. तोवर पत्र्याखालच्या पोत्यांनी पेट घेतला होता. सकाळी येणाऱ्या माणसाला पडलेला एमसीबी दिसतो, वितळलेल्या तांब्याचा मणी दिसतो आणि तो लिहितो: शॉर्टसर्किटमुळे आग. आगीमुळे शॉर्टसर्किट, हे वाक्य कोणी लिहिल्याचं मला आठवत नाही.

“लोड जास्त झाला असेल, जाड वायर टाका,” हा दुसरा सल्ला. लोड जास्त झाला तर वायर लांबच्या लांब सारखी तापते, आवरण सगळीकडे मऊ पडतं. त्या बोर्डापासून वीतभर अंतरावर वायर नव्यासारखी होती. जळणं एका बिंदूपाशी सुरू झालं असेल तर बिंदूपाशी काय होतं ते विचारा. जाड वायर त्याच ढिल्या स्क्रूखाली घातली तर ती त्याच जागी जळेल.

घरांपेक्षा जास्त नुकसान शेतात होतं, आणि तिथे या दोषाला नाव ‘व्होल्टेज कमी होतं’ असं पडलं आहे. डीपीपासून विहिरीपर्यंत ॲल्युमिनियमची केबल येते. स्टार्टरचे बोल्ट पितळेचे, तांब्याचे. घाईत असलेला माणूस ॲल्युमिनियमच्या तारा सोलतो, बोल्टला गुंडाळतो, वरून नट फिरवतो. आता ॲल्युमिनियमचा गुण बघा. सोलल्या सोलल्या त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा येतो, आणि तो वीज अडवणारा असतो. दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू सरकतं, बाजूला पसरतं, म्हणून आज आवळलेला नट महिन्याने ढिला लागतो. तापल्यावर ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं. त्यात आपली शेतीची लाइन पाळीपाळीने येते. ऑटो लावलेला असला की लाइन येताक्षणी मोटार झटका घेऊन सुरू होते. तापणं, गार होणं, तापणं. एक दिवस तीनपैकी एका फेजचा जोड जळून सुटतो, मोटार दोन फेजवर गुरगुरते आणि वाइंडिंग काळं होतं. अमेरिकेत साठच्या दशकाच्या उत्तरार्धात घरांना ॲल्युमिनियमचं वायरिंग झालं होतं. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने नंतर सांगितलं की १९७२पूर्वीच्या अशा घरांत जोड आगीच्या धोक्यापर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांच्या ५५ पट आहे. आपण तोच जोड उघड्यावर, धुळीत, पावसात करतो.

आणि हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही तारा अशाच गुंडाळल्या. एका शेतकऱ्याची मोटार एकाच हंगामात दोनदा माझ्याकडे भरायला आली आणि दोन्ही वेळा मी त्याला व्होल्टेजचं कारण सांगितलं. तिसऱ्या वेळी विहिरीवर गेलो तेव्हा स्टार्टरमधल्या एका बोल्टभोवती मीच गुंडाळलेली तार पांढऱ्या भुकटीसारखी झालेली होती. दोन वेळच्या भरणावळीचे पैसे मी त्याला परत केले. पण त्या दोन पाळ्यांत वाळलेला ऊस मला परत करता आला नाही.

उसावरून आठवलं. वाऱ्याने झोळ पडलेल्या तारा एकमेकींवर आपटतात, ठिणग्या पडतात आणि फड पेटतो. ते शॉर्टसर्किटच असतं, त्याला माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती प्रत्येक आगीला तोच शिक्का मारण्याला. देशातल्या अपघाती मृत्यूंची दरवर्षी मोजणी करणाऱ्या सरकारी अहवालात आगीच्या कारणांमध्ये ‘विजेचं शॉर्टसर्किट’ असा रकाना आहे. ‘सैल जोड’ असा नाही. रकानाच नसेल तर त्यात मोजलं जाणार काय? भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१च्या पहाटे नवजात बाळांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आगीत अकरा रुग्ण गेले. दोन्ही वेळा चौकशीआधी हाच शब्द लोकांच्या तोंडी आला. त्या आगी सैल जोडाने लागल्या असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण एवढं नक्की म्हणतो की ‘शॉर्टसर्किट’ ऐकलं की आपण पुढचं विचारणं थांबवतो. तारा भिडल्या तर का भिडल्या? आवरण कशाने गेलं? आधी कुठे तापलं? शब्द असा आहे की त्याला कर्ताच नाही. वीज आली, भिडली, जळालं. सैल जोडाला कर्ता असतो. कोणीतरी तो आवळला नाही, कोणीतरी तो तपासला नाही, कोणीतरी स्वस्तातलं पातळ पत्र्याचं सॉकेट पितळेचं म्हणून विकलं.

वीज मंडळाच्या लोकांना हे कळत नाही असं नाही. मोठ्या उपकेंद्रांत उष्णता टिपणारे कॅमेरे घेऊन जोड तपासतात. तापलेला जंपर लाइनमन रात्री लांबून ओळखतो, ‘लाल झालाय’ म्हणतो आणि शटडाउन घेऊन तो आवळतो. परळीला २५० मेगावॅटचे संच वीज करतात, तिथून ती किती जोड ओलांडत आमच्या गावात येते, आणि वाटेतल्या मोठ्या जोडांवर कोणाची तरी नजर असते. शेवटचा जोड, जो गोधडीपासून हातभर अंतरावर असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. माणूस किंवा जनावर दगावलं, जखमी झालं, तर २००३च्या विद्युत कायद्याचं १६१वं कलम लागतं आणि विद्युत निरीक्षकाची चौकशी होऊ शकते. नुसती पोती आणि दप्तरं जळाली तर तो बोर्ड बघायला कोणी येत नाही.

म्हणून पंचनामा करणाऱ्यांना माझं मागणं आहे. जळका बोर्ड, सॉकेट, प्लग राखेत टाकू देऊ नका. कोणता स्क्रू ढिला लागला, कोणता घट्ट, कोणत्या पिनेला खड्डे पडले, वायर कुठवर शाबूत आहे, हे लिहायला पाच मिनिटं लागतात आणि गावातला कोणताही वायरमन ते सांगू शकतो. वायरमन भावांनाही सांगणं आहे. ॲल्युमिनियमला बोल्टभोवती गुंडाळू नका. दोन धातूंचा लग मिळतो, तो दाबून बसवा. बारीक तारांच्या टोकाला कथील लावून स्क्रूखाली घालू नका, कथील दाबाखाली सरकतं आणि जोड पुन्हा ढिला होतो. तापलेल्या जोडावर काळी टेप गुंडाळून जाऊ नका. आणि घरातल्यांनो, रॉड किंवा इस्त्री वापरून झाल्यावर बटन बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या पिनांपाशी हात न्या. चटका लागत असेल, सॉकेटच्या छिद्राभोवती तपकिरी डाग असेल, घरात मासळी नसताना मासळीसारखा वास येत असेल, तर एमसीबीच्या भरवशावर रात्र काढू नका.

त्या घरातली नवी खोली मागच्या महिन्यात उभी राहिली. बोर्ड मी बसवला. ते पोरगं सोबत आलं होतं, प्रत्येक स्क्रू त्यानेच आवळला आणि आवळून झाल्यावर प्रत्येक तार ओढून बघितली. रॉड वीस मिनिटं चालवला, बंद केला, प्लग काढून त्या घरातल्या वहिनींच्या हातात दिला. पिना जेमतेम कोमट होत्या. पंचनाम्यात मात्र अजून शॉर्टसर्किटच आहे. ते दुरुस्त व्हावं म्हणून घरमालकाच्या नावाने अर्ज लिहून दिला आहे, आणि अर्जासोबत तो जळका बोर्ड, कापडात बांधून.